देशोदेशींचे मंडप

घरबसल्या जग पाहावें ही हौस माणसास फार जुनी आहे. आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतों, आणि ज्यास काशीस जाणें जमत नाहीं तो या गंगेच्या कांठींच काशीचें पुण्य पदरांत पाडून घेतो. जत्रेंतील खोक्याच्या भिंगास डोळा लावला म्हणजे थोडक्या पैशांत ताजमहाल आणि कुतुबमिनार पाहावयास मिळत असत, हें आमच्या बालवाचकांच्या आजोबांस आठवत असेल. हल्लीं याच हौसेपायीं मोठमोठीं उद्यानें उभारण्यांत येतात. एका देशाचा मनोरा, दुसऱ्याचा महाल, तिसऱ्याची बाजारपेठ अशी तेथें रांग लागलेली असते, आणि सकाळीं आंत शिरलेला मनुष्य दिवेलागणीस अर्धी पृथ्वी पायांखालीं घालून बाहेर पडतो. सहलींचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडीं अशाच स्थळांचीं नांवें असतात. म्हणून हे देशोदेशींचे मंडप आले कोठून, ते उभारतात कसे, आणि त्यांत जें दाखविलें जातें त्यावर विश्वास किती ठेवावा, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्यास सोयीचें असें स्थळ म्हणजे नव्या मुंबईंतील नेरूळचें 'वंडर्स पार्क'. नाशिकरोडहून आगगाडीनें ठाण्यास उतरावें व तेथून नेरूळची लोकल धरावी. हें उद्यान नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१२ सालीं लोकांस खुलें केलें. २००७ च्या जुलै महिन्यांत लिस्बन शहरीं जगांतील नव्या सात आश्चर्यांची यादी जाहीर झाली होती. त्या सातांच्या प्रतिकृति येथें आहेत. चीनची भिंत, रोमचें कोलोसियम, पेरूमधील माचूपिच्चू, मेक्सिकोंतील चिचेन इत्सा, जॉर्डनमधील पेट्रा, ब्राझीलमधील ख्रिस्ताचा पुतळा आणि आपला ताजमहाल. मुलांस तेथली लहान आगगाडीच अधिक आवडते हें आम्ही जाणतों, व त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु पेट्र्याच्या प्रतिकृतीपुढें क्षणभर अवश्य थांबावें. मूळ पेट्र्याचीं प्रसिद्ध मंदिरें व थडगीं बांधलेलीं नाहींत. आपल्या वेरूळच्या लेण्यांप्रमाणें तांबूस कड्याच्या पोटांतून तीं कोरून काढलेलीं आहेत, आणि त्यांतील सर्वांत नांवाजलेला दर्शनी भाग सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. जें दगड काढून टाकून निर्माण झालें तें उद्यानांत भर घालून रचलेलें आहे. रूप सारखें, पण कृति अगदीं उलटी! माचूपिच्चूचेंही तसेंच. मूळ नगर समुद्रसपाटीपासून सुमारें २४०० मीटर उंच. नेरूळास मात्र खाडीच्या वाऱ्यांत उभें राहून तें पाहावयाचें, दम लागावयाचा नाहीं, आणि तेथें राहणाऱ्या पेरू देशाच्या माणसाची गांठही पडावयाची नाहीं.

ही परदेश मांडून दाखविण्याची चाल कोठून निघाली हें पाहूं गेल्यास लंडन शहरापर्यंत जावें लागतें. १ मे १८५१ रोजीं तेथील हाइड पार्कमध्यें एक मोठें प्रदर्शन उघडलें. त्यासाठीं जोसेफ पॅक्स्टन नांवाच्या गृहस्थानें, जो मूळचा बागवान होता, लोखंडाचा व कांचेचा एक प्रचंड महाल उभारला. पांचसाडेपांच महिन्यांत सुमारें साठ लाख माणसें तेथें येऊन गेलीं. त्यांतील हिंदुस्थानच्या दालनांत कोहिनूर हिरा होता, शाली होत्या, हस्तिदंती कामें होतीं, आणि बंगालकडून आलेली एक सुरेख अंबारीही होती. आतां अंबारी म्हटली म्हणजे तिच्याखालीं हत्ती हवा. व्यवस्थापकांस तो कोठें मिळेना. शेवटीं एसेक्स परगण्यांतील सॅफ्रन वॉल्डन गांवच्या संग्रहालयांत पेंढा भरलेला एक हत्ती होता, तो आणून अंबारीखालीं उभा केला. तो होता आफ्रिकेचा. आफ्रिकेच्या हत्तीचे कान केवढे, आपल्या हत्तीचे केवढे, हें भूगोल शिकणारा मुलगाही सांगेल. परंतु ज्यांनीं हिंदुस्थान कधींच पाहिला नव्हता ते लाखों प्रेक्षक तोच हिंदी हत्ती समजून घरीं परतले असतील.

या प्रदर्शनांचा एक अंकुर आपल्या मुंबईंतही रुजला. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनाकरितां मुंबई इलाख्यांतून कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यांत आल्या, आणि त्यांच्या जोडप्रती येथेंच ठेवून एक संग्रहालय सुरू झालें. पुढें डॉ. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट व जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीनें भायखळ्यास त्यासाठीं स्वतंत्र इमारत झाली व २ मे १८७२ रोजीं ती लोकांस उघडी झाली. हेंच आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेंत वाघ व पेंग्विन पाहावयास जाणाऱ्या पालकांनीं शेजारच्या या इमारतींत मुलांस नेल्यावांचून परतूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. निरनिराळ्या जातिजमातींचे व धंद्यांचे मातीचे लहान पुतळे तेथें आहेत. परक्यांस आपला प्रांत कसा दाखवावा असें त्या काळच्या लोकांस वाटत होतें, तें त्यांवरून कळतें. इमारतीबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. तो १८६४ सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला, म्हणून येथें राहिला. एका हत्तीची ही गत आणि दुसऱ्याची ती!

वस्तूंपासून मंडपापर्यंत व मंडपापासून माणसांपर्यंत ही गोष्ट फार लवकर पोंचली. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत मुख्य इमारतीभोवतालच्या बागेंत निरनिराळ्या देशांनीं आपापल्या पद्धतीचे स्वतंत्र मंडप उभारले. पुढें नुसता मंडप पाहून लोकांचें समाधान होईना. त्यांत राहणारीं माणसें हवीं झालीं. १८८६ सालीं लंडनांत साम्राज्याचें जें प्रदर्शन भरलें त्यांत एका राजवाड्याच्या अंगणांत हिंदुस्थानचे ३४ कारागीर बसविले होते. कोणी गालिचा विणीत आहे, कोणी चाकावर मडकीं घडवीत आहे, आणि भोंवतीं विलायती स्त्रीपुरुषांची दाटी. हे खेड्यांतील पिढीजाद कारागीर म्हणून प्रेक्षक त्यांच्याकडे कौतुकानें पाहात. वास्तविक ते आग्र्याच्या तुरुंगांतून आणलेले होते व त्यांतील पुष्कळांनीं आपली कला तुरुंगांतच शिकलेली होती. त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता, आणि बक्षीराम नांवाचा वृद्ध कुंभार होता, ज्याचें वय एकशेंदोन वर्षें असल्याचें सांगत. व्हिक्टोरिया राणीनें रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून या मंडळींचीं चित्रें काढविलीं. बक्षीरामाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या त्या चित्रांत इतक्या स्पष्ट आहेत कीं तो आतां कांहीं बोलेल असें वाटतें. पण त्याला काय बोलावयाचें होतें हें विचारण्याचें प्रदर्शनांत कारण पडलें नाहीं. त्याच प्रदर्शनाच्या कामावर गेलेले बंगालचे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत नोंदविलें आहे कीं, आपण पाहावयास आलों असतां लोक आपल्यासच पाहात उभे राहात. विद्वान गृहस्थाची ही स्थिति, मग कुंभाराची काय कथा!

तेव्हां अशा स्थळीं गेल्यावर मंडप किती उंच आहे यापेक्षां तो कोणाच्या सांगण्यावरून उभा राहिला आणि त्यांतील माणूस कोणाच्या वतीनें बोलतो, हें आधीं पाहावें. या दृष्टीनें अमेरिकेंतील एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. फ्लॉरिडा संस्थानांत ऑरलँडो शहराजवळ डिस्ने कंपनीनें १ ऑक्टोबर १९८२ रोजीं 'एपकॉट' नांवाचें उद्यान उघडलें. तेथें एका विस्तीर्ण तळ्याभोंवतीं अकरा देशांचे मंडप आहेत, आणि सर्वांस प्रदक्षिणा घालण्यास सुमारें दोन किलोमीटर चालावें लागतें. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, खुद्द अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन व कॅनडा असा तो क्रम. नऊ मंडप आरंभींचे. मोरोक्कोचा १९८४ सालीं व नॉर्वेचा १९८८ सालीं वाढला. इमारतींचे वरचे मजले खालच्यांपेक्षां लहान मापानें बांधिलेले असल्यामुळें त्या आहेत त्यांहून उंच भासतात. फ्रान्सच्या मंडपामागें दिसणारा आयफेल मनोरा मुळाच्या केवळ एकदशांश आहे. गंमत अशी कीं मूळ मनोराही १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठींच उभारलेला, म्हणजे ही प्रदर्शनाच्या वस्तूची पुन्हां प्रदर्शनांत मांडणी झाली.

यांपैकीं मोरोक्कोच्या मंडपाची हकीकत निराळी आहे. त्या देशाचा राजा दुसरा हसन यानें आपले कारागीर अमेरिकेस पाठविले, व रंगीत फरशांचे बारीक तुकडे जुळवून केलेली तेथील नक्षी त्यांच्या हातची आहे. शिवाय या अकराही मंडपांत सामान्यतः त्या त्या देशांतून ठरावीक मुदतीसाठीं आलेले तरुण कामास असतात. आग्र्याचा कुंभार बोलूं शकत नव्हता. हे तरुण पाहुण्यांशीं बोलतात, त्यांच्या प्रश्नांस उत्तरें देतात, आणि त्यांच्या अंगरख्यावर त्यांचें नांव व गांव लिहिलेलें असतें. ही सुधारणा लहान नव्हे. तथापि ते पगार कंपनीचा घेतात व कंपनीनें नेमून दिलेला पोशाख घालतात, हेंही ध्यानांत असावें. अमेरिकेंत राहणारे आपले लोक गांवाकडून आलेल्या आईवडिलांस हें उद्यान दाखवितात तेव्हां "आपला देश कोठें आहे?" असा प्रश्न निघाल्यास नवल नाहीं. हिंदुस्थानचा मंडप तेथें नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील तर एकाही देशाचा नाहीं. असले मंडप उभारतांना त्या त्या देशाच्या सरकारानें अगर व्यापाऱ्यांनीं खर्चाचा वांटा उचलावा अशी कंपनीची अपेक्षा होती. जगाचा नकाशा तेथें भूगोलाच्या पुस्तकांतून उतरलेला नाहीं, जमाखर्चाच्या वहींतून उतरलेला आहे.

इतक्या दूर न जातां परदेश सौम्यपणें पाहावयाचा असेल त्यानें पुण्यास सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानांत जावें. जपानांतील ओकायामा शहरच्या, १७०० सालीं पूर्ण झालेल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर तें केलेलें आहे. तेथें कोणी पोशाख घालून उभें नाहीं. पाणी, दगड, वळणाची वाट आणि हिरवळ एवढ्यांवरच जपानी मनाची ओळख होते. आमच्या मतें या प्रकारांत हें सर्वांत प्रामाणिक होय.

आतां थोडें घरचें. स्नेहसंमेलन आलें म्हणजे 'देशोदेशींचे लोक' असा एखादा प्रवेश बसवितात. कोणी किमोनो नेसून जपानी होतो, कोणी उंच टोपी घालून साहेब होतो, आणि आफ्रिकेचा म्हणून एका मुलाच्या तोंडास काजळ फांसून कमरेस पानें गुंडाळतात. प्रेक्षक हसतात. तो मुलगा आफ्रिकेंतील एकाही नगराचें नांव सांगूं शकणार नाहीं. आणि पानें गुंडाळण्याची कल्पना ज्यानें दिली त्यानेंही एकही नगर पाहिलेलें नसतें. पेंढा भरलेल्या हत्तीचाच हा धाकटा भाऊ. तसेंच मंचावर वारल्यांची झोंपडी उभारतात, तिच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानें नाचणारीं माणसें रंगवितात. त्याच शाळेच्या वसतिगृहांत सुरगाण्याचीं, पेठचीं मुलें राहात असतात. त्यांपैकीं कोणाच्या घरची भिंत खरोखर कोण रंगवितें, केव्हां रंगवितें, कशासाठीं रंगवितें, हें त्यांस विचारण्यास कितीसा वेळ लागणार? विचारलें तर कदाचित् ते म्हणतील कीं आमच्या घरीं भिंत रंगवीत नाहींत, पण अमुक गाणें म्हणतात. मग झोंपडी बाजूस ठेवून तें गाणेंच त्यांस म्हणूं द्यावें. पालकांसही आमची विनंती आहे कीं असा प्रवेश पाहतांना टाळ्या वाजविण्यापूर्वीं, हें कोणास विचारून केलें, एवढें मुलांस विचारावें.

परक्या देशच्या माणसानें स्वतःची ओळख स्वतः करून दिल्याचें एक उदाहरण आपल्या शहराच्या उंबरठ्यावर आहे, आणि तेथें जाण्यास आगगाडीही लागत नाहीं. मुंबईच्या रस्त्यानें सुमारें पांच मैलांवर त्रिरश्मि डोंगर आहे. त्यांतील लेण्यांस आपण पांडवलेणीं म्हणतों. एकंदर चोवीस लेण्यांपैकीं सतराव्याच्या ओसरींत ब्राह्मी लिपींत एक प्राकृत लेख कोरलेला आहे. दत्तामित्री नगरचा राहणारा, उत्तरेकडील यवन, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त यानें हें लेणें व पाण्याचीं टाकीं करविलीं, आईबापांच्या पुण्याकरितां करविलीं आणि आपला पुत्र धर्मरक्षित यासह करविलीं, असा त्याचा आशय आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. याला कोणी प्रदर्शनांत बसविलें नव्हतें. तो आपण होऊन आला, आपल्या पैशानें डोंगर कोरविला, आणि आपलें नांव, गांव, बाप व मुलगा इतकें सारें येथल्या लोकांच्या भाषेंत लिहवून गेला. ग्रीक देवळाची नक्कल त्यानें येथें आणली नाहीं. त्याच्या लेण्याच्या ओसरीस जे खांब आहेत त्यांच्या माथ्यावर स्वारांसह हत्ती कोरलेले आहेत, व काम फार उत्तम आहे. यंदाच्या सहलींत तेथें जाणाऱ्या मुलांनीं त्या हत्तींचे कान तेवढे नीट पाहावे.