कोणत्या धंद्यात पडावं?

धंदा करायचं ठरवलेली तरुण मुलं भेटतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "सध्या कशाला डिमांड आहे?" या प्रश्नाची मला काळजी वाटते, कारण घरातली पुंजी बुडालेली बरीच माणसं याच प्रश्नापासून निघालेली असतात.

गैरसमज : सगळे ज्यात उतरताहेत, तो धंदा चालणारच.

इमू आठवा. २०१० च्या आसपास तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत शेतकऱ्यांनी कर्ज काढून हा ऑस्ट्रेलियन पक्षी पाळला. पिल्लं कंपनी देणार, ठरल्या भावाने पक्षी परतही तीच घेणार, असा करार. २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या पेरुंदुराईत हा डोलारा कोसळला आणि आपल्याकडच्या शेडमध्येही पक्ष्यांना खाऊ घालायला पैसे उरले नाहीत. इमूचं मांस किंवा तेल घेणारं गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. पैसा येत होता तो नव्याने इमू पाळायला निघालेल्यांकडून. नवे येईनासे झाले, तशी खरेदी थांबली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने हेच घडलं. कडकनाथ ही चांगली जात आहे, तिला खाणारेही आहेत. फसवी होती ती परत खरेदीची हमी.

म्हणून मागणी मोजायची ती शेवटच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन. ही वस्तू अखेर कोण खाणार, कोण वापरणार, आणि आज तो ती कुठून, काय भावाने घेतो? पिल्लं, रोपं किंवा मशीन विकणाऱ्याला याचं उत्तर विचारू नये.

गैरसमज : जिथे स्पर्धा नाही, तिथे संधी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा गिऱ्हाईकही तयार नव्हतं. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. हाताशी कडबा कापायच्या यंत्रांचं काम आधीपासून होतं, म्हणून थांबता आलं. मोकळं मैदान निवडणाऱ्याने आपल्याला किती महिने थांबता येईल, हे आधी मोजावं. उलट, कोल्हापुरात फाउंड्र्यांची दाटी असूनही नवा माणूस उभा राहू शकतो. पॅटर्न करणारा, मशिनिंग करणारा, भट्टीवरचा जाणता कामगार, सगळे हाकेच्या अंतरावर. ही सोय एकट्याच्या पैशाने कुठल्याही गावात उभी करता येत नाही.

गैरसमज : मार्जिन जास्त, तो धंदा चांगला.

एक लाखाचा माल दहा टक्के नफ्याने दर महिन्याला रोख विकला गेला, तर वर्षाला एक लाख वीस हजार सुटतात. खर्च त्यातूनच जायचा. चाळीस टक्क्यांचा माल वर्षातून एकदाच हलला, तर चाळीस हजार. त्यात उधारी आली की हिशेब आणखी बिघडतो. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करार असला तरी, ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. पण हक्क मागितला तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने लहान पुरवठादार गप्प बसतो. त्यामुळे एखादी लाइन निवडताना तिथे पैसे किती दिवसांनी येतात, हे त्याच लाइनमधल्या तिघा-चौघांना विचारून घ्या.

गैरसमज : अनुदान आहे, म्हणजे धंदा चालेल.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के असतं, आणि ती रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. कर्जाचा हप्ता मात्र विक्रीतूनच भरायचा असतो.

धंदा कोणताही ठरवला, तरी पत्र्याची शेड घेण्याआधी त्याच धंद्यातल्या कुणाकडे दोन-तीन महिने राबावं, पगार न घेता राबावं लागलं तरी. मसाल्याच्या कारखान्यात पावसाळ्यात मिरचीला ओल धरते, तेव्हा किती पोती बाजूला काढावी लागतात, ते तिथे उभं राहूनच कळतं.