मीठ वेगळे, पातेले एकच

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, की बहुतेक घरांत एक छोटे पातेले वेगळे चढते. बाकीच्यांना चमचमीत आणि एकाला अळणी. आमच्याकडे दस्तरखानाभोवती सगळे एका वेळी जेवायला बसतात. तिथे एकाच्याच पुढ्यात निराळी वाटी आली, की त्याचा घास जड होतो. पत्नीच्या रक्तदाबामुळे मी हे जवळून पाहिले आहे. म्हणून सगळ्यांनी आवडीने खावा असा, मिठावाचून होणारा एक पदार्थ आज सांगतो : ताज्या पानांच्या चटणीतला पास्ता.

ही चटणी मूळची इटलीतल्या जिनोआची. बेझिलची पाने, लसूण, पाइनच्या बिया, चीज आणि ऑलिव्ह तेल तिथे दगडी खलात कुटतात. ‘पेस्तो’ म्हणजेच कुटलेले. बेझिल आपल्याला अगदीच परके नाही. फालुद्यातला सब्जा हे त्याच जातीच्या झाडाचे बी.

सुक्या पास्त्यात मीठ जवळजवळ नसतेच. ते दोन वाटांनी येते : उकळत्या पाण्यातून आणि चीजमधून. इटलीत लिटरभर पाण्याला साधारण १० ग्रॅम मीठ घालतात. त्यातले थोडेच पास्त्यात मुरते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. तेव्हा या दोन्ही वाटा आपण बंद करू.

चौघांसाठी ३०० ग्रॅम पास्ता घ्या. बेझिलची दोन मोठ्या मुठी पाने धुऊन फडक्यावर कोरडी करा. ती न मिळाली तर कोथिंबीर आणि थोडा पुदिना चालेल; जिनोआकर नाक मुरडतील, मुरडू द्या! दोन मोठे चमचे अक्रोड किंवा शेंगदाणे कोरडे भाजा. बाजारचे खारे दाणे नकोत. दोन लसूण पाकळ्या आणि दाणे आधी कुटा, मग पाने आणि चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घाला. मिक्सर थांबून थांबून फिरवा. तापला की पाने काळवंडतात.

पास्ता तीन लिटर साध्या पाण्यात उकळा. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी एक तुकडा चावून पाहा. निथळण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवा. त्यातल्या पिठुळपणाने चटणी पास्त्याला धरते. विस्तव बंद करून चटणी आणि लागेल तेवढे हे पाणी मिसळा. चटणी शिजवू नका, गंध उडून जातो. शेवटी मिरपूड, एका लिंबाचा रस आणि किसलेली साल. आंबट चव आणि पानांचा गंध मिळून मिठाची उणीव बरीच भरून काढतात. काही आठवड्यांत जीभही कमी मिठाला सरावते.

एक सावधगिरी : कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

पातेले सगळ्यांसाठी एकच ठेवा. मीठ आणि चीज बाजूला असू द्या. ज्याला हवे त्याने आपल्या ताटात वेगळे घ्यावे.