शालेय नाट्यवर्ग आणि विद्यार्थी

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत तालमींची धांदल उडते, आणि तिच्याबरोबरच पालकांची एक शंकाही आमच्या कानी येते : "नाटकाच्या नादी लागून मुलांचा अभ्यास तर बुडणार नाही ना?" ही शंका रास्त आहे. म्हणूनच तिचे उत्तर नुसत्या उत्साहाने न देता विचाराने दिले पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. संमेलनातील नाटक एका रात्रीचे असते. त्यात निवडक आठदहा मुले झळकतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. नाट्यवर्ग ही वर्षभर चालणारी शिकवण असून तिच्यात सर्वांना वाव असतो. येथे आम्ही बोलत आहोत ते या दुसऱ्या गोष्टीविषयी.

नाट्यवर्गाचा पहिला लाभ वाणीचा. वाक्य कोठे तोडावे, श्वास कोठे घ्यावा, शेवटचे अक्षर गिळून न टाकता ते मागच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवावे, हे पुस्तक मनात वाचून कळत नाही. आमच्यासारख्या कोकणी घरांत वाढलेल्यांना याचे मोल अधिक. कोकणीत लहान मुलीचा उल्लेख आपण नपुंसकलिंगी करतो, 'तें आयलें' असे म्हणतो; मराठीत तीच मुलगी 'ती आली' अशी होते. व्याकरणाच्या तासाला पाठ केलेला हा फरक वहीतच राहतो. संवाद म्हणताना मात्र तो जिभेवर बसतो. शिवाय घरची भाषा टाकावी लागत नाही. दोन्ही भाषांचे वळण निरनिराळे आहे, एवढेच मूल जाणीवपूर्वक ओळखू लागते.

दुसरा लाभ समजुतीचा. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. या देवलांना बेळगावात शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्कर गुरू म्हणून लाभले होते, हे या भागातील विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. या नाटकात कांचनभट द्रव्यलोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या वृद्धाला द्यायला निघतो. शारदेची भूमिका करणाऱ्याला तिची व्यथा कळतेच. पण कांचनभटाची भूमिका ज्याच्या वाट्याला येते, त्याला अधिक अवघड प्रश्न पडतो. बाप असूनही हा माणूस असे का वागतो? लोभ मनाशी कोणती सबब सांगतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना दुसऱ्याच्या मनात शिरण्याची सवय लागते, आणि समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हा विवेकही येतो. पुढे 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 वर्षे ठरविले, हे इतिहासात वाचताना त्या कायद्यामागचे दुःख अशा विद्यार्थ्याला परके वाटत नाही. (हा कायदा 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून, नाटकाच्या नावावरून नव्हे.)

तिसरा लाभ सहकार्याचा. रंगमंचावर आपले वाक्य संपले की काम संपत नाही. समोरच्याचे ऐकावे लागते. तो अडखळला तर सावरून घ्यावे लागते. पडदा ओढणारा क्षणभर चुकला तर नायकाचे कौशल्यही व्यर्थ जाते. लहान वाटणाऱ्या कामावर मोठे काम कसे अवलंबून असते, याचा असा प्रत्यक्ष धडा अन्यत्र क्वचितच मिळतो.

ज्यांना चारचौघांत उभे राहण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठीही येथे जागा आहे. नेपथ्य करणाऱ्याला 6 मीटर रुंदीचा रंगमंच 1:20 या प्रमाणाने कागदावर 30 सेंटिमीटरमध्ये काढावा लागतो; तेव्हा गणितातील गुणोत्तर उपयोगी पडते. वेशभूषेसाठी त्या काळचा पोशाख शोधावा लागतो. तेव्हा इतिहास जवळचा होतो. असा मुलगा प्रथम विंगेत उभा राहतो आणि कधीतरी दोन वाक्ये बोलायला आपण होऊन पुढे येतो.

मात्र नाट्यवर्गाने प्रत्येक मूल नट होईल किंवा परीक्षेतील गुण वाढतील, असे आश्वासन आम्ही देणार नाही. लाभ व्हावा यासाठी पथ्येही पाळली पाहिजेत. मुख्य भूमिका दरवर्षी त्याच मुलांना देऊ नयेत. आठवड्याचा तास ठरलेला असावा. परीक्षेच्या महिन्यात तालमी ठेवू नयेत. आणि बक्षिसाच्या हव्यासाने शिक्षकांनी प्रत्येक हावभाव स्वतःच घोटून घेऊ नये, मुलांना विचार करू द्यावा.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मूल घरी संवाद म्हणू लागले, तर "पुस्तक घे" असे म्हणण्यापूर्वी त्याला विचारा, "हा माणूस असे का म्हणतो?" त्याचे उत्तर शांतपणे ऐका. अभ्यास बुडतो आहे की वेगळ्या वाटेने चालला आहे, याचा निवाडा मग तुमचा तुम्हालाच करता येईल.