कांडी खरंच बोगस असते का?

पनवेलहून एका वाचकाने विचारलंय: होल्स्टीन संकरित गाय तीनदा भरवली, दर 21 दिवसांनी उलटतेच, म्हणजे पुन्हा माजावर येते, कांड्या बोगस असतात का?

असू शकतात. शिवाय उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली गोठवलेल्या वीर्याची चांगली कांडीही नीट वितळवली नाही, तर निम्मा खेळ तिथेच संपतो. पण बरोबर 21 दिवसांनी उलटणं म्हणजे गाईचं अंडाशय वेळेवर चाललंय. घोळ बहुधा आपल्या घड्याळात आहे.

माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास. बीज सुटतं माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी, आणि सुटल्यावर ते काही तासच कामाचं असतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हा नियम पशुवैद्यकीचे विद्यार्थी घोकतात. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात रेतनाची आणि बीज सुटण्याची वेळ ताडून तो पक्का करणारा जॉर्ज ट्रिंबर्गर मात्र कुणाला आठवत नाही. कृत्रिम रेतनाचा इतिहास म्हटलं की सगळे गोठवलेल्या वीर्याचंच कौतुक करतात!

आता गोठ्यात या. दावणीला एकटी गाय. तिच्यावर चढायला दुसरी नाही. हंबरणं, अचानक घटलेलं दूध, काचेसारखी बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) एवढ्याच खुणा. त्यात माज रात्री येऊन गेला, तर सकाळी दिसते ती शेपटीला वाळलेली बळस. डॉक्टर दुपारी येतात. माज कधी सुरू झाला हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्यात कोकणची दमट हवा. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरली तर उष्णता-आर्द्रता निर्देशांक 83च्या आसपास जातो. दुधाळ गाईला 72च्या पुढेच त्रास सुरू होतो. अंगाचं तापमान वाढलं की फळलेला गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरू शकतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की गाय उलटली. देशी गीर गाय ही उष्णता पुष्कळ सोसते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणीत होल्स्टीन आणि जर्सीबरोबर गीरचं रक्त ठेवलं, ते उगाच नाही. ‘जास्त विदेशी रक्त, जास्त दूध’ ही जाहिरात पुण्याजवळच्या उरुळीकांचनच्या थंडीत कदाचित खपेल, पनवेलच्या मे महिन्यात नाही.

विण्यानंतरचे दोन महिने तर गाईचं शरीर कर्जबाजारी घरासारखं असतं: चाऱ्यातून येतं त्याहून जास्त दुधात जातं आणि गर्भाशयाचा नंबर शेवटी लागतो. तेव्हा खुराक आणि खनिज मिश्रणात काटकसर नको. रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात एक फेरी मारून वेळ लिहून ठेवा. चौथ्यांदा भरवण्याआधी गर्भाशयात जंतुसंसर्ग आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. बळस गढूळ असेल, तर कांडी कितीही उत्तम असो, ती वायाच जाणार.