जास्वंदीला गोणपाटाचे पांघरूण कशासाठी?

डिसेंबर-जानेवारीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, कुकडी, मीना व घोड नद्यांच्या खोऱ्यांत, पहाटे पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. शाळेच्या बागेतली जास्वंद अशा वेळी पिवळी पडते, कळ्या गाळते. जुने माळी संध्याकाळी चार काठ्या रोवून झुडपावर गोणपाट बांधतात. आपण पांघरूण घेतो ते अंगची ऊब टिकवायला. झाडाला तशी ऊब नसते. मग गोणपाट करते काय?

प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकते. ढगाळ रात्री ढग त्याच प्रकारे बरीच उष्णता जमिनीकडे परत धाडतात. निरभ्र, कोरड्या आणि वारा पडलेल्या रात्री मात्र परतफेड अपुरी पडते, आणि उघडे पान भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. गोणपाट ही तूट भरून काढते. आकाशापेक्षा ते पुष्कळ उबदार असते आणि पानांना उष्णता परत देते. म्हणजे ते पांघरुणापेक्षा छपराचे काम करते. म्हणूनच ते पानांना न टेकता वर ताणलेले हवे.

लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरील आपला निबंध १८१४ साली प्रसिद्ध केला. पातळ चटईने रोपे वाचवू पाहणाऱ्या माळ्यांना आपण पूर्वी हसत होतो, अशी प्रांजळ कबुली त्यात आहे. पुढे त्यांनी चार काड्यांवर, गवतापासून सहा इंच उंचीवर, हातरुमाल ताणला. त्याखालचे गवत उघड्या गवतापेक्षा उबदार राहिले!

यावरून काही गोष्टी उमगतात. पातळ प्लॅस्टिकच्या कागदातून अवरक्त किरण बरेचसे आरपार जातात, तेव्हा कापड किंवा गोणपाटच बरे. थंड हवा जड असल्याने उताराने खाली साचते; नाजूक झुडपे ओढ्याकाठच्या सखल जागी लावू नयेत. कुंड्या दुपारी तापणाऱ्या भिंतीलगत ठेवाव्यात.

उष्ण प्रदेशातल्या झाडांना इजा व्हायला बर्फ पडावा लागत नाही. गारठ्याने पेशींची पटले ताठरतात, मुळे पाणी कमी ओढतात आणि ओल्या मातीतही पाने मलूल होतात. ती तहान समजून पाणी ओतत राहिले, तर मुळे गुदमरून कुजतात. आधी बोटभर माती उकरून ओल पाहावी.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. झुडपाच्या उंचीवर एक तापमापक उघड्यावर आणि दुसरा गोणपाटाखाली रात्रभर ठेवावा. सूर्योदयापूर्वी दोन्हींची नोंद घ्यावी. निरभ्र आणि ढगाळ रात्रींचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. माळ्याच्या गोणपाटामागचे विज्ञान मुले मग स्वतःच सांगतील.