सकाळी गाडी झटके का मारते?

“काका, गाडी मिसिंग मारते. छावणीतून बाहेर पडेपर्यंत नुसते झटके. ऑटोमोटिव्ह चौक आला की शहाण्यासारखी चालते.”

नागपूरजवळच्या कामठीत शेजारच्या मुलाने जानेवारीतल्या एका सकाळी हे सांगितलं, तोवर त्याने प्लग बदलून घेतले होते आणि दुसऱ्या पंपावरचं पेट्रोलही भरून पाहिलं होतं. गाडी छोटी, टर्बोची, हाताने गिअर टाकायची, आणि त्याच्या जिवापाड प्रेमाची. मला मात्र त्याच्या शेवटच्या वाक्यातच सगळं सापडल्यासारखं वाटलं. चौक आला की बरी होते, म्हणजे गरम झाली की बरी होते. गरम इंजिन गुळगुळीत चालत असेल, तर खर्च करण्याआधी थंड इंजिन कसं काम करतं ते समजून घ्यावं. झटक्यांतले निम्मे आपल्याच पायातून येतात.

विदर्भ म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. कामठीत कन्हानच्या काठावर, छावणीच्या मोकळ्या मैदानांत पहाटेची थंडी चांगली बोचते. मे महिन्यात इंजिन सकाळी तीस अंशांवर जागं होतं, जानेवारीत आठ-दहा अंशांवर. पोचायचं दोन्ही वेळा नव्वदच्या आसपासच असतं. म्हणून तीच गाडी, त्याच रस्त्यावर मे महिन्यात तक्रार करत नाही.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. थंड झाकणावर वाफ धरून पाणी ओघळतं, तसं थंड इंजिनात पेट्रोल आतल्या भिंतींना चिकटून बसतं. त्यामुळे पाठवलेलं सगळं पेट्रोल जळायला मिळत नाही. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत किंवा जुन्या मारुती 800 मध्ये यासाठी चोक ओढावा लागे; चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त. चोक किती ओढायचा, केव्हा परत ढकलायचा, हे चालवणाऱ्याच्या कानाला कळायचं. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, करतो. कूलंटचं तापमान सांगणारा छोटासा सेन्सर पाहून तो जास्तीचं पेट्रोल देतो आणि इंजिन गरम होईल तसं कमी करत आणतो.

खरी गोम आहे ती भिंतीवरच्या पेट्रोलच्या थरात. इनटेकमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनाचं उदाहरण घेऊ. टाटा अल्ट्रोझ रेसर किंवा रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो याच जातीची. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की इनटेकमधला दाब वाढतो, थर जाड होतो आणि त्या क्षणी सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं. गाडी अडखळते. घाबरून पाय उचलला की दाब पडतो, साचलेला थर उडून आत जातो आणि मिश्रण नको इतकं दाट होतं. ईसीयू याचाही हिशेब ठेवतो, पण थंडीत हा हिशेब अंदाजाचाच असतो. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये किंवा आय20 एन लाइनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात. तिथे थर पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर धरतो. जागा बदलली तरी थंडीचा त्रास राहतोच.

याच वेळी ईसीयूच्या मागे आणखी एक काम असतं, आणि ते आपल्यासाठी नसून हवेसाठी असतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून ईसीयू पहिल्या मिनिटभरात ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो, हवा जास्त घेतो आणि आयडलिंग वर ठेवतो. उशिरा जळालेल्या वायूची उष्णता चाकांकडे न जाता सायलेन्सरच्या वाटेने जाते. म्हणून सुरुवातीला इंजिनाचा आवाज मोठा येतो, पण ओढ कमी वाटते. हे काम संपलं की ठिणगी पूर्ववत होते आणि आयडलिंग खाली येतं. नेमकं तेव्हाच आपण पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून फाटकातून बाहेर पडत असलो, तर तो बदल अंगाला जाणवतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले आणि थंड इंजिनाच्या धुराला आणखी महत्त्व आलं. त्या पहिल्या मिनिटाचं मला वाईट वाटत नाही. तो धूर आपल्याच गल्लीत राहतो.

तेलाचंही बघायला हवं. हिवाळ्यात डब्यातलं तूप आणि कढईतलं तूप, इतका फरक इंजिन ऑइलमध्ये पडतो. 5डब्ल्यू-30 तेल शंभर अंशांवर जितकं पातळ असतं, त्याच्या साधारण सहापट घट्ट ते चाळीस अंशांवर असतं. दहा अंशांवर तर विचारायलाच नको. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त वेळा फिरते आणि तिचा सगळा भार याच तेलाच्या पातळ थरावर असतो. त्यामुळे इंजिन थंड असताना टर्बोचा दाब बऱ्याचदा राखूनच दिला जातो.

आता गिअरकडे येऊ. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण साडेतीन, दुसऱ्याचं दोनच्या आसपास. इंजिनाच्या ओढीत झालेला लहानसा चढउतार पहिल्या गिअरमध्ये मोठा होऊन चाकांवर पोचतो. छावणीच्या हद्दीत वेग कमीच ठेवावा लागतो, वाटेत गतिरोधक, सकाळी पळणारी मंडळी. म्हणजे 1821 मध्ये वसवलेली ही छावणी सकाळच्या थंड इंजिनासाठी सगळ्यात अवघड परीक्षा घेते: कमी वेग, खालचा गिअर, अर्धवट दाबलेला पाय.

मी त्या मुलाच्या शेजारी बसून गेलो आणि त्याच्या बुटाकडे पाहत राहिलो. टाच अधांतरी होती. गाडीने झटका दिला की त्याचं अंग पुढे जाई आणि पाय आपोआप पॅडलवर दाबला जाई. गाडी उसळली की अंग मागे, पाय वर. इंजिन माउंटिंगचं रबर आणि गिअर-अ‍ॅक्सलमधला प्ले त्या लयीत सामील होई. एका झटक्यातून पाच झटके तयार होत होते आणि गाडी बेडकासारखी चालली होती. मी म्हटलं, “टाच खाली टेकव. पॅडल फक्त चवड्याने दाब आणि थोडं दाबून तसंच धर. गाडी अडखळली तरी पाय हलवू नकोस.” दोनदा चुकलं. तिसऱ्या गतिरोधकानंतर त्याने दुसरा गिअर टाकला, काटा दीड-दोन हजारांच्या मध्ये ठेवला आणि गाडी सरळ चालू लागली. झटके आलेच तर क्लच पूर्ण दाबून लय तोडायची, मग हळूच सोडायचा.

चावी फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबावं. सीटबेल्ट लावा, काचेवरचं दव पुसा, तेवढ्यात चढलेलं आयडलिंग खाली यायला लागतं. दहा मिनिटं उभ्या गाडीत इंजिन तापवण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. रिकामं फिरणारं इंजिन सावकाश तापतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतं. गाडी हळू चालवत तापवणं उत्तम. स्पोर्ट मोड बंद, एसीची गरज नसेल तर तोही बंद, कारण कॉम्प्रेसर लागला-सुटला की इंजिनावर भार पडतो आणि उतरतो. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापलं असं नाही. तेल नेहमी मागून येतं. काटा मध्यावर आल्यावरही चार-पाच किलोमीटर तीन हजारांच्या खाली राहा. ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक असेल, विशेषतः कोरड्या क्लचची, तर पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. थोडी जागा पडू द्या, मग एकदाच पुढे घ्या. सरकताना क्लच घासतो आणि थरथर वाढते.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर मग दोष शोधावा, आणि तो स्वस्त बाजूने शोधावा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करून स्कॅनर लावा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. हवा दहा आणि कूलंट पस्तीस दाखवत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी देतोय. काटा कधीच मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. त्यानंतर थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, इनटेकच्या पाइपमधली हवेची गळती, कॉइल आणि प्लगमधलं अंतर, या क्रमाने जा. इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब करतं.

गाडीला रिमॅप करून, म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलून, घेतलेलं असेल, तर सगळ्यात आधी तेच तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण पाय दाबल्यावर किती ताकद मिळते, एवढंच बघून बरेचदा फाइल बनवली जाते. थंडीतला अर्धवट पाय कुणी तपासलेला नसतो. गाडी बनवणारे महिनोन्‌महिने थंड इंजिनांवर खर्च करतात ते उगाच नाही. शंका असेल तर मूळ फाइल परत टाकून एक आठवडा चालवून पाहा.

त्या मुलाची गाडी आता छावणीतून नीट जाते. प्लगचे पैसे मात्र गेलेच. आणि एक राहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं: थंडी आहे म्हणून शटर लावून आत गाडी सुरू ठेवू नका. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. आधी शटर उघडा, मग चावी फिरवा.