गिरणीतले मूल

शिवडी-परळच्या गिरण्यांत साच्यावरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवायला मुले असत. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्यांना मज्जाव केला. सात ते बारा वयाच्यांना मात्र दिवसाला नऊ तास राबवता येई. १८९१मध्ये ‘मूल’ नऊ ते चौदाचे झाले, तास सात. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. म्हणजे तेरा वर्षांची पोर गिरणीत मूल, घरी मात्र नवऱ्याच्या हवाली करण्याजोगी बाई! हे फार क्रूर होते. लहानपण निसर्गच ठरवतो, असे कुणी म्हणेल. दुधाचे दात सगळीकडे पडतात, हे खरे. पण त्यानंतर हातात पाटी द्यायची की बॉबिन, हे माणसेच ठरवतात. १९२२मध्ये गिरणीसाठी किमान वय बारा झाले. मुलांची शरीरे होती तशीच होती.